तक्रारीची स्तोत्रं पण बायबलमध्येच आहेत

मला हल्ली सगळ्यात जास्त कुठला प्रश्न विचारला जात असेल तर तो हा, की "ताई, एवढं सगळं झालं तरी तुमचा विश्वास कसा काय डळमळला नाही?" लग्नात विचारतात, नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेच्या गर्दीत भेटलेली शाळेतली मैत्रीण विचारते, व्हॉट्सअ‍ॅपवर तर विचारतातच. आणि विचारणाऱ्याला एक ठराविक उत्तर हवं असतं, की प्रभूने शक्ती दिली, मी डोळ्यातून पाणी काढलं नाही, सगळा भार त्याच्यावर टाकला आणि शांत झाले. हे उत्तर मला देता येत नाही कारण तसं झालंच नाही. डळमळला, चांगलाच डळमळला, कित्येक रात्री प्रार्थनेला बसले आणि तोंडातून शब्द फुटला नाही. आणि तरी मी आज ख्रिस्ती आहे, मनापासून आहे, नाव लावायचं म्हणून नाही. ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात ते एकदा नीट लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं.

आधी काय झालं ते थोडक्यात. 2021 च्या एप्रिलमध्ये सासरे कोरोनात गेले. तो महिना कसा होता हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको, एका बेडसाठी लोक सिडकोपासून आडगावपर्यंत फिरत होते, 21 तारखेला तर ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून एका दवाखान्यात वीसच्या वर पेशंट गेले आणि त्या दिवशी सगळं शहर सुन्न झालं होतं. सासऱ्यांना पुरलं तेव्हा मोजकी माणसं, सगळी पीपीई किटमध्ये, पाळकांनी लांबूनच प्रार्थना केली आणि संपलं. ज्या माणसाने मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, जवळपास प्रत्येक मयतीला पुढे उभं राहून गीत उचललं, त्याच्या मातीला एक गीत झालं नाही. हे मला आजही सहन होत नाही.

मग पुढच्या वर्षी ह्यांचं. हे अंबडला एमआयडीसीत होते, तब्येत तशी धडधाकट, पण पाय सुजायला लागले, जिना चढला की दम लागायचा, आम्हाला वाटलं दगदगीने होत असेल. तपासलं तर बीपी भयंकर वाढलेलं आणि दोन्ही किडन्या जवळजवळ कामातून गेलेल्या. डॉक्टर म्हणाले बीपी बरीच वर्षं असणार, दुखत नाही ना त्यामुळे कळत नाही, आतल्या आत किडनीची वाट लावतं. (वाचणाऱ्यांनी कृपा करून बीपी तपासून घ्या, चाळिशी झाली असेल तर नक्कीच.) त्यांच्या कंपनीने काही महिने सांभाळून घेतलं, नंतर नाही. मोठा तेव्हा बारावीला, धाकटी आठवीत, आणि मी शिकवण्या घेणारी बाई.

डायलिसिस म्हणजे काय हे बाहेरच्यांना कळत नाही, त्यांना वाटतं जाऊन यायचं, रक्त साफ झालं की माणूस ठणठणीत. आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास. त्याआधी हातात फिस्टुला करतात, म्हणजे छोटं ऑपरेशन करून धमनी आणि शीर एकमेकांना जोडतात म्हणजे शीर फुगून जाड होते आणि तिच्यात सुया घालता येतात. ती शीर तयार व्हायला काही आठवडे जातात, तोवर मानेतून नळी. फिस्टुला चालू आहे ना हे बघायला मनगटाच्या वर बोटं ठेवायची, आत सतत थरथर लागते, त्याला थ्रिल म्हणतात. ती थरथर थांबली तर लगेच दवाखान्यात पळायचं. रोज रात्री झोपायच्या आधी मी ह्यांच्या हातावर बोटं ठेवते. आमच्या घरातली संध्याकाळची प्रार्थना आता तशीच होते, माझी बोटं त्यांच्या मनगटावर आणि धाकटी वचन वाचते.

आणि पाणी. लघवी कमी झाली की प्यायलेलं पाणी बाहेरच पडत नाही, ते अंगात साठतं, फुफ्फुसात जातं, म्हणून दिवसाचं पाणी मोजून. ह्यांना पाऊण लिटर. त्यात चहा आला, वरणातलं पाणी आलं, गोळ्या घ्यायचे घोट आले. सकाळी एका बाटलीत मोजून भरून ठेवते आणि दुसरं काही पातळ खाल्लं की त्यातलं तेवढं काढून टाकते. नाशिकचं हवामान थंड म्हणतात सगळे पण एप्रिल-मेमध्ये दुपारी काय असतं ते इथे राहणाऱ्यालाच माहिती. तेव्हा हे बर्फाचा छोटा खडा गालात धरून बसतात, चूळ भरतात आणि थुंकून टाकतात, गिळत नाहीत. पोटॅशियममुळे केळी नाही, नारळपाणी नाही, पालेभाजी, बटाटा चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकायचं आणि मग फोडणी. द्राक्षांच्या गावात राहून द्राक्षं मोजून चार. योजनेत डायलिसिस बसलं ह्याबद्दल देवाचे आणि सरकारचे दोघांचेही आभार मानते, नाहीतर घर विकायची वेळ आली असती. पण औषधं, इंजेक्शनं, रिक्षा, तपासण्या हे सगळं आहेच.

आता खरा मुद्दा. आजाराने जेवढं दुखावलं नाही तेवढं काही विश्वासू माणसांनी दुखावलं. घरी येऊन प्रार्थना करायचे आणि जाताना उंबऱ्यात उभं राहून हळूच म्हणायचे, "विश्वास कमी पडतोय कुठेतरी, तपासून बघा." एकांनी विचारलं घरात काही कबूल न केलेलं पाप आहे का. एकांनी ह्यांना उपास-प्रार्थना करायला सांगितलं, किडनीच्या पेशंटला. दुसऱ्या गावाहून आलेल्या एका सेवकाने तर सभेत सगळ्यांसमोर हात ठेवला आणि सांगून टाकलं की आजपासून डायलिसिसची गरज नाही, विश्वासाने बंद करा. हे त्या रात्री गप्प गप्प होते, मग म्हणाले, "करून बघू का बंद?" मी म्हटलं अजिबात नाही. दोनतीन वाऱ्या चुकल्या तर माणूस हातचा जातो हो, पोटॅशियम वाढून हृदय थांबतं. असं सांगणाऱ्यांनी नंतर मातीला तरी यावं. माझा राग अजून गेलेला नाही आणि तो जावा असं मला वाटतही नाही, कारण असल्या शिकवणीने लोक मरतात.

त्या रागात मी बायबल परत पहिल्यापासून वाचायला घेतलं, ह्या लोकांचं म्हणणं खरंच तिथे लिहिलंय का ते बघायला. आणि काय सापडलं? प्रेषित पौलासारखा पौल, ज्याच्या अंगावरचे रुमालसुद्धा आजाऱ्यांवर घातले की ते बरे व्हायचे असं प्रेषितांच्या पुस्तकात आहे, तोच आपल्या शिष्याला, तीमथ्याला, लिहितो की सोबतचा त्रफिम आजारी होता म्हणून त्याला मिलेतात ठेवून आलो. ठेवून आलो! बरं करून आलो असं नाही. तीमथ्याच्या पोटाची तक्रार होती, त्याला पौल थोडा द्राक्षारस घे म्हणतो, तुझा विश्वास कमी आहे असं म्हणत नाही. स्वतः पौलाच्या शरीरात काटा होता, तीनदा विनवणी केली, काटा काही निघाला नाही, उत्तर आलं, "माझी कृपा तुला पुरे आहे." हे वचन आमच्याकडे कॅलेंडरवर फुलांच्या फोटोखाली छापलेलं असतं, पण ते एका नकाराचं उत्तर आहे हे कोणी सांगत नाही. मला ते कळलं तेव्हा आधी वाईट वाटलं आणि मग फार आधार वाटला, की पौलाच्या बाबतीतही ते "नाही" असू शकतं आणि तरी तो देवाचा माणूस राहतो.

ईयोबाचं पुस्तक आपल्याला नीट शिकवलंच जात नाही असं माझं मत आहे. सगळं गेलं तरी परमेश्वराचं नाव धन्य असो म्हणाला, झालं, तिथेच उपदेश संपतो. पण ते पहिल्या अध्यायात आहे आणि पुढे एकेचाळीस अध्याय बाकी आहेत. तिसऱ्यापासून तो जे बोलायला लागतो ते आपण आज मंडळीत उभं राहून बोललो तर लोक गप्प करतील. जन्माला आलो तो दिवस नष्ट होवो म्हणतो. देवाला न्यायालयात बोलवायला निघतो. आणि ते तीन मित्र? ते अगदी बरोबर, धार्मिक, सभेत शोभेल असं बोलतात, की देव न्यायी आहे, तू काहीतरी केलं असशील, कबूल कर. आणि शेवटी 42 व्या अध्यायात देव त्या मित्रांवर रागावतो आणि सांगतो की माझा सेवक ईयोब जसं माझ्याविषयी बोलला तसं तुम्ही यथार्थ बोलला नाहीत. हे मी वाचलं आणि पुस्तक मिटून तशीच बसले. म्हणजे देवाची वकिली करणारे चुकले आणि देवावर ओरडणारा बरोबर ठरला. त्या मित्रांनी एकच गोष्ट चांगली केली, सुरुवातीला सात दिवस सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर बसले आणि एक शब्द बोलले नाहीत. तेवढ्यावर थांबायला हवं होतं.

मग स्तोत्रं. 23 वं आणि 121 वं सगळ्यांना पाठ, मलाही लहानपणी संडेस्कूलमध्ये पाठ करून घेतलं होतं. पण 13 वं उघडून बघा, पहिल्या दोन वचनांत दाविद चार वेळा "कोठवर" विचारतो. 44 वं आहे, त्यात देवाला सरळ म्हटलंय जागा हो, झोपलास का. आणि 88 वं. ते मी आधी कधी वाचलं असेन असं मला आठवत नाही, मंडळीत तर कधीच ऐकलं नव्हतं. बाकीच्या तक्रारीच्या स्तोत्रांना बहुतेक शेवटी कुठेतरी उजेड येतो, ह्याला येत नाही. सुरुवातीला एकदा "माझ्या उद्धाराच्या देवा" म्हणतो आणि तिथून खड्डा, मृत्यू, लाटा, मित्र दूर गेले, आणि शेवट अंधारावर. संपलं. खाली कोणी समजुतीचं एक वचन जोडलेलं नाही. पण मधे 13 व्या वचनात आहे की सकाळी माझी प्रार्थना तुझ्यापुढे येते. म्हणजे उत्तर नाही, उजेड नाही, आणि हा माणूस सकाळ झाली की परत तिथेच, त्याच देवाच्या दारात.

मी तेव्हापासून तशीच प्रार्थना करते. पहाटे डबा करताना, भाजीचं उकळलेलं पाणी ओतून देताना मोठ्याने बोलते, घरात सगळे झोपलेले असतात. आज मला तुझा राग आलाय. पैसे कुठून आणू सांग. मुलाची फी आहे. ह्यांना काल पायात गोळे आले, मशीनवर असताना ओरडले, तू कुठे होतास. सगळं बोलते. आणि बोलून झालं की कधीकधी गीत म्हणते, कधीकधी नाही म्हणत. ह्याला जर कोणी अविश्वास म्हणणार असेल तर त्यांनी आधी ती स्तोत्रं फाडून काढावीत.

शिकवणीची पुस्तकं आणायला जाताना शरणपूर रोडने जावं लागतं आणि आता मी त्या रस्त्याकडे वेगळ्या नजरेने बघते. शाळा-ऑफिसं-ट्रॅफिक एवढंच दिसतं आपल्याला, पण एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीच्या लोकांनी तिथे वस्ती उभी केली होती आणि अरबी गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकन गुलाम मुलं तिथे वाढली, सुतारकाम लोहारकाम शिकली. आईबापापासून ओढून नेलेली, विकलेली मुलं, आपल्या नाशिकमध्ये. त्यातलाच एक जेकब वेनराइट. 1873 मध्ये मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारला तेव्हा त्याचं हृदय झाडाखाली पुरताना प्रार्थना वाचली ती ह्या वेनराइटने, आणि मग तो आणि त्याचे सोबती तो देह दीड हजार किलोमीटरच्या वर चालत किनाऱ्यापर्यंत घेऊन गेले. ज्याला लहानपणी गुलाम म्हणून विकलं त्याच्या हातात नाशिकला प्रार्थनापुस्तक आलं आणि ते त्याने टाकलं नाही. त्याच्या मनात देवाबद्दल काय काय प्रश्न असतील ह्याचा मी खूप विचार करते.

आणि पंडिता रमाबाई. आपण त्यांना विदुषी म्हणून, मुक्ती मिशनसाठी ओळखतो. पण क्रमाने बघा, दुष्काळात आई, वडील, बहीण गेले, मग भाऊ, मग 1882 ला नवरा कॉलऱ्याने, पदरात लहान मनोरमा. ख्रिस्ती झाल्यावर तरी सगळं सुरळीत व्हावं की नाही? 1921 ला मनोरमा गेली, आईच्या आधी. रमाबाईंना तोवर ऐकूही नीट येत नव्हतं. आणि ही बाई हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबलचं काम करत बसली होती, ते पूर्ण केलं आणि 5 एप्रिल 1922 ला गेली. विश्वास ठेवला की संकटं जातात असं शिकवणाऱ्यांनी रमाबाईंच्या विश्वासात काय कमी होतं ते सांगावं. आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांचंही तेच, नवऱ्याने 1895 ला बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्यावर आभाळ कोसळलं होतं, काही वर्षं वेगळ्या राहिल्या, आणि पुढे स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या वेळेने ख्रिस्ताकडे आल्या. कोणी ढकललं म्हणून नाही.

मला स्वतःला जिथे खरा आधार मिळाला ती गोष्ट सांगते. एका शुभ शुक्रवारी आम्ही बारा ते तीनच्या उपासनेला गेलो. हे म्हणाले डायलिसिस काल झालंय, आज बसवेल. वधस्तंभावरचे सात उद्गार, प्रत्येकावर वेगळा वक्ता, चर्चमध्ये पंखे फिरतात पण हवा गरम. पाचव्या उद्गाराची वेळ आली, "मला तहान लागली आहे." वक्ता म्हणाले ही आत्मिक तहान आहे, आत्म्यांच्या तारणाची तहान, वगैरे. असेल. पण माझ्या शेजारी ज्याचे ओठ पांढरे पडलेत आणि ज्याची सकाळपासूनची बाटली अर्धी उरली आहे असा माणूस बसला होता आणि तो खाली मान घालून रडत होता. घरी आल्यावर म्हणाले, "त्याला खरीच तहान लागली होती गं. रक्त गेल्यावर लागतेच. त्याला माहितीय." एवढंच. मी दहा उपदेशांतून जे शिकले नाही ते ह्यांनी एका वाक्यात सांगितलं. देवाने दुःख का दिलं ह्याचं उत्तर आम्हाला मिळालेलं नाही. पण ज्याच्याकडे आम्ही पाणी मागतो तो स्वतः तहानेने ओरडलेला आहे, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास" हे 22 वं स्तोत्र त्याच्याच तोंडात होतं, आणि अशा देवाजवळ मी राहू शकते. सगळं ठीक करून न रडता वर बसलेला असता तर मी राहिले नसते, खरं सांगते.

माणसं पण मिळाली. मंडळीतले एक रिटायर्ड काका आहेत, प्रेसमध्ये होते, ते गेली दोन वर्षं दर शनिवारी सेंटरला येऊन ह्यांच्या शेजारी स्टुलावर बसतात. पेपर वाचून दाखवतात, क्रिकेट बोलतात, ह्यांना झोप लागली तर तसेच बसून राहतात. प्रार्थना विचारून करतात, "करू का आज?" असं. नको म्हटलं तर वाईट वाटून घेत नाहीत. त्या चार तासांत मी दोन शिकवण्या घेऊन येते. शेजारच्या भाभी रमजानमध्ये रोजे असताना सुद्धा धाकटीला शाळेतून आणतात. स्त्री मंडळातल्या दोघी महिन्याचा किराणा भरतात आणि आजतागायत त्याचा उल्लेख कोणासमोर केलेला नाही. सासूबाई किडनी द्यायला तयार होत्या, डॉक्टरांनी वयामुळे नाही म्हटलं, माझी बसत नाही, म्हणून नाव वेटिंगवर आहे. फोन वाजला की अजून छातीत धस्स होतं.

बरं होण्यासाठी आम्ही प्रार्थना करणं सोडलेलं नाही हेही लिहिते, नाहीतर कोणाला वाटेल आम्ही हार मानली. रोज मागतो. चमत्कार होऊ शकतो असं मी मानते, पौलही तीनदा मागून मगच थांबला. फक्त चमत्कार झाला नाही तर त्याचं खापर ह्यांच्या विश्वासावर फोडू देणार नाही, कोणालाही, कितीही मोठा सेवक असो.

आमच्या मंडळीत ह्या लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपासाच्या दिवसांत, बुधवारच्या प्रार्थनेला एकेक स्तोत्र घ्यायचं ठरलंय, यादी केली तेव्हा सगळी आनंदाची आणि स्तुतीची निघाली. मी पाळकांना भेटून सांगितलं की एका बुधवारी 88 वं घ्या, मी वाचते, आणि वाचून झाल्यावर त्यावर कोणी उपदेश करू नका, लगेच दुसरं गीतही नको, ज्यांच्या घरी आजारपण आहे, मयत झाली आहे, मुलगा बोलत नाही, नोकरी गेली आहे त्यांना जरा वेळ बसू द्या. ते आधी जरा घुटमळले, म्हणाले लोकांना जड जाईल. मी म्हटलं जड आहेच की, घेऊन येतात ते आणि तसेच परत घेऊन जातात. मग हो म्हणाले. तिसरा बुधवार ठरलाय, संध्याकाळी सात वाजता, नाशिकरोडकडचं कोणी वाचत असाल तर या. ख्रिस्ती असलंच पाहिजे असं काही नाही.